‘दम’ म्हणजे नेमकं काय? सातारा-सांगलीच्या बोलीतला एक शब्द आणि त्याचे अनेक अर्थ

रीलखाली कुणीतरी लिहितं, ‘भावा, दम हाय गड्यात.’ गुन्ह्याच्या बातमीत येतं, ‘शिवीगाळ व दमदाटी करून मारहाण.’ घराबाहेर पडणाऱ्या नातवाला आजी बजावते, ‘गाडी दमानं चालव रं.’ आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘जिना चढताना दम लागतो का?’

चारही ठिकाणी शब्द एकच आहे. पहिल्या वाक्यात तो ताकद सांगतो, दुसऱ्यात धमकी, तिसऱ्यात सावकाशपणा आणि चौथ्यात धाप. अंगातला जोर आणि तो जोर संपल्याची खूण, दोन्हीसाठी मराठी माणूस हाच शब्द वापरतो आणि समोरासमोर बोलताना ऐकणाऱ्याचा सहसा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो मोबाईलवर. तिथे आवाजाचा चढउतार नसतो, चेहरा दिसत नाही. ‘दम असेल तर ये’ हे जिवलग मित्राने क्रिकेट खेळायला बोलावताना लिहिलं तर ती चेष्टा असते. तेच चार शब्द निवडणुकीच्या आदल्या रात्री अनोळखी नंबरवरून आले तर माणूस दाराला कडी घालतो.

‘दम’ महाराष्ट्रभर बोलला जातो. पण ताकद, चिवटपणा, अंगातली धग या अर्थाने तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जितक्या सहज तोंडी येतो, तितका फार थोड्या ठिकाणी येत असेल. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले. खालच्या भागाला आधी ‘दक्षिण सातारा’ म्हणत, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कराडहून वाळव्यात शिरताना कागदावरचा जिल्हा बदलतो, बोली तीच राहते.

मूळ अर्थ श्वासाचा

‘दम’ हा फारसीतून आलेला शब्द. फारसीत दम म्हणजे श्वास, आणि एका श्वासाला जेवढा वेळ लागतो तेवढा क्षण. आपण रोज वापरतो तो ‘एकदम’ यातूनच तयार झाला. एका दमात, म्हणजे एका श्वासात, म्हणून लगेच. ‘हरदम’ म्हणजे प्रत्येक श्वासाला, सतत. ‘बेदम’ म्हणजे श्वास उरला नाही अशा अवस्थेपर्यंत. बातमीतली ‘बेदम मारहाण’ ती हीच. श्वासाच्या आजाराला दमा म्हणतात, तोही याच घरातला.

संस्कृतातही एक ‘दम’ आहे आणि त्याचा या श्वासाशी संबंध नाही. तो ‘दम्’ या धातूवरून येतो, अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे. दमन, इंद्रियदमन हे शब्द त्यातले. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत दान आणि यज्ञाच्या सोबत हा दम येतो. त्यामुळे एकाच गावात, एकाच संध्याकाळी, देवळातले कीर्तनकार ‘शम-दम’ समजावून सांगताना दम म्हणजे स्वतःला आवरणं म्हणतात आणि देवळामागच्या तालमीत वस्ताद दम वाढवा म्हणून पोरांना आणखी बैठका मारायला लावतात. शब्द सारखे, उगम वेगळे.

‘दमणे’ या क्रियापदाचं नातं मात्र दोन्हीकडे लावता येतं. धाप लागली म्हणून दमला, किंवा नव्या बैलासारखा जुंपून जुंपून वठणीवर आला म्हणून दमला. बोलणाऱ्याला त्याची फिकीर नसते. ‘दमलीस का गं?’ एवढं विचारून तो पाण्याचा तांब्या पुढे करतो.

अर्थ कळायचा असेल तर क्रियापद बघा

एकटा ‘दम’ फारसं काही सांगत नाही. सगळा खेळ त्याच्या पुढच्या क्रियापदात आहे.

दम असणे म्हणजे ताकद, पात्रता, चिकाटी असणे. ‘पोरात दम हाय.’ हे माणसाबद्दल जसं म्हणतात तसं मुद्द्याबद्दलही म्हणतात: ‘तुझ्या बोलण्यात दम न्हाय.’

दम लागणे म्हणजे धाप लागणे.

दम खाणे म्हणजे थांबून श्वास घेणे, विसावणे. ‘बस की जरा, दम खा.’ दम घेणे याचाही अर्थ जवळपास तोच.

दम धरणे म्हणजे धीर धरणे. ‘दम धर, चहा ठेवलाय.’ इथे ताकदीचा काही संबंध नाही. घाई करू नको एवढंच. याच्याच शेजारी ‘दमानं’ बसतो: दमानं घे, दमानं खा, दमानं बोल. नवख्या माणसाला ‘दमानं घे’ ऐकून जोर लावायला सांगितल्यासारखं वाटतं, आणि हे अगदी उलट आहे.

दम निघणे नेहमी नकारातच वापरतात. ‘त्याला दम निघंना’ म्हणजे वाट बघवेना.

दम काढणे याचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. ‘चार दिवस दम काढ’ म्हणजे सहन कर, टिकून राहा. ‘पोरांनी आज दम काढला’ म्हणजे पोरांनी पार थकवून सोडलं. स्वतःचा काढला तर चिकाटी, दुसऱ्याचा काढला तर छळ.

दम देणे, दम भरणे, दमात घेणे हे तिन्ही धमकावण्याचे प्रकार, पण सारखे नाहीत. आई पोराला दम देते, त्यात काळजी असते. वरिष्ठ हाताखालच्याला दमात घेतो, त्यात अधिकार असतो. दम भरतो तो बहुधा गुंड किंवा पुढारी. वर्तमानपत्रांनी याला ‘सज्जड’ हे विशेषण कायमचं चिकटवून दिलं आहे. पुढाऱ्याने अधिकाऱ्याला दिलेला दम सज्जडच असतो, साधा दम अजून छापून आलेला दिसत नाही.

दम मारणे म्हणजे चिलमीचा किंवा विडीचा झुरका घेणे. आणि भाताला, बिर्याणीला दम देणे म्हणजे झाकण घट्ट लावून वाफेत मुरू देणे. हॉटेलच्या पाटीवरच्या ‘दम बिर्याणी’त कुणी कुणाला धमकावलेलं नसतं.

‘दम तोडला’ हा प्रयोग हल्ली बातम्यांत दिसतो, ‘जखमीने रुग्णालयात दम तोडला’ असा. तो हिंदीतून उचललेला आहे. खेड्यातला मराठी माणूस ‘जीव सोडला’ किंवा ‘प्राण गेला’ म्हणतो. ‘दम घुटणे’ही तसंच. मराठीत जीव गुदमरतो किंवा दम कोंडतो.

हे सगळे अर्थ श्वासापाशी येऊन मिळतात. ज्याचा श्वास पुरतो तो ताकदवान. जो श्वास आवरून थांबतो तो संयमी. ज्याचा संपतो तो दमलेला. आणि ज्याला दम दिला जातो त्याचाही श्वास क्षणभर अडकतोच.

तालमीतला दम

या शब्दाला ताकदीचा अर्थ सर्वात ठळक मिळाला तो तालमीत. कुस्तीत नुसतं वजन आणि डाव पुरत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत भारी वाटणारा मल्ल पाचव्या मिनिटाला तोंडाने श्वास घेऊ लागला की मैदानाच्या कडेला बसलेले म्हातारे लगेच ओळखतात: ‘दम संपला त्येचा.’ जोर, बैठका, लाल मातीत तासन्‌तास खडाखडी हे सगळं स्नायूंसाठी जितकं, तितकंच छातीसाठी असतं. यासाठी तालमीत खास शब्द आहे, दमसास. ताकद असूनही दमसास नसेल तर पहिलवान अर्धाच.

दमसास हा शब्द दुसऱ्या एका जागीही ऐकू येतो, आणि तीही सांगली जिल्ह्यातलीच. मिरजेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचं निधन १९३७ साली झालं आणि त्यांना मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी संगीत सभा होते. संथ आलापी, लांबवलेला स्वर, मध्ये श्वास तुटू न देणं याला गायक आणि रसिक दमसासच म्हणतात. मातीतला पहिलवान आणि तंबोऱ्यापुढे बसलेला गवई यांचं कौतुक एका शब्दात करणारी भाषा म्हणून मराठीकडे बघायला हरकत नाही.

दम म्हणजे शब्दशः श्वास, हे दाखवणारी सर्वात मोठी गोष्ट सातारा जिल्ह्यातलीच आहे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. तोवर त्यांना गादीवरच्या कुस्तीची आणि तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांची पुरेशी सवय नव्हती. पुढची चार वर्षं त्यांनी तयारीत घालवली. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची अडचण होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून मदत केली.

हेलसिंकीत खाशाबांनी सुरुवातीच्या लढती जिंकल्या. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली कुस्ती झाली आणि ती थोडक्यात गेली. पुढचा प्रतिस्पर्धी सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. खाशाबांना लगेच उतरायला सांगण्यात आलं. त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला भारतीय पथकातलं कुणी त्या वेळी तिथे नव्हतं. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. इशी यांना सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावाकडे ही हकिगत सांगताना लोक एका वाक्यात मिटवतात: ‘दम खाऊ दिला न्हाय, न्हायतर सोनं आणलं असतं.’ सोनं आलं असतं की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, पण वाक्यातला ‘दम’ अचूक आहे. ज्याच्या अंगात दम होता त्याला दम खायला वेळ मिळाला नाही. पुढे खाशाबा पोलीस खात्यात गेले. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०००च्या सुमारास, मरणोत्तर. सन्मानासाठी त्यांच्या घरच्यांना जो काढावा लागला, तोही दमच.

सांगली जिल्ह्याने याच परंपरेत दोन मोठी नावं दिली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही पदकं जिंकली. दोघेही हिंदकेसरी.

पण आजच्या काळात हा शब्द मिशीवर ताव देणाऱ्यांपुरता ठेवला तर अर्थ अपुरा राहील. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेस धावायची. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेसात फेऱ्या. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि ती दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४नंतर, ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी माणदेशातल्या वाटांवर शाळेला पळत जाणाऱ्या मुलीच्या छातीत जे तयार झालं, त्याला दमसासच म्हणावं लागेल. आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिच्या खेळात जोराने श्वास घेऊन चालतच नाही. बाण सुटेपर्यंत दम धरावा लागतो, अगदी शब्दशः.

बैल, ट्रॅक्टर आणि पाऊस

दम फक्त माणसात नसतो. बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर, म्हणजे पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या ठिकाणी, आदत खोंडाकडे बघून जाणकार अंदाज बांधतात की याच्यात किती दम आहे. आदत म्हणजे अजून दात न लावलेला तरणा खोंड. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात-साडेसात वर्षांत शर्यतशौकिनांनी ‘दम धरा, सुरू होणार’ हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल याचा हिशोब नाही. आता त्याच मैदानांवरून रील निघतात आणि त्यातला दम अर्थातच दुसरा.

ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला मंदावला की ‘दम खातोय’ म्हणतात. जुनी गाडी खंबाटकीच्या घाटात ‘दम टाकते’. बॅटरीत दम नसतो, दोरात दम नसतो, रश्शातही नसतो. जमिनीला मात्र हा शब्द सहसा लावत नाहीत. जमिनीत ‘कस’ असतो. आणि पिकात ‘जोम’.

पावसाचा ‘दमदार’ वेगळा सांगायला हवा, कारण तो दरवर्षी जून-जुलैमध्ये प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात असतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये आणि सांगलीच्या आटपाडी-जतमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे ‘दमदार पावसाची प्रतीक्षा’ हा मथळा महाबळेश्वरच्या वाचकाला सवयीचा, आणि जतच्या वाचकाला पेरणी करायची की थांबायचं हा प्रश्न. इथे दमदार म्हणजे जोरदार नव्हे. एक जोरदार सर वीस मिनिटांत ओढ्याला लावून जाते. दमदार म्हणजे टिकून, सलग पडणारा, जमिनीत मुरणारा. पाऊस दम धरून पडला तरच तो दमदार.

दम, रग, धमक, नाद: फरक काय?

समाजमाध्यमांवर हे शब्द एकमेकांच्या जागी टाकले जातात. बोलीत ते वेगळे आहेत.

‘रग’ हाही फारसीच, मूळ अर्थ शीर किंवा नस. त्यावरून अंगातला ताठा, मस्तीकडे झुकलेली ताकद. रग असणं ही निम्मी स्तुती असते, कारण पुढच्याच वाक्यात कुणीतरी ती ‘जिरवायला’ निघतं. ‘त्येची रग जिरवली’ असं म्हणतात. ‘त्याचा दम जिरवला’ असं कुणी म्हणत नाही. रगेल म्हणजे हट्टी, मुजोर. गंमत म्हणजे फार वेळ वजन उचलून धरलं की हाताला ‘रग लागते’, म्हणजे ठणका लागतो. इथेही एकच शब्द जोर आणि त्रास दोन्ही दाखवतो, दमासारखाच.

‘धमक’ म्हणजे एखादी अवघड गोष्ट करून दाखवायची हिंमत आणि क्षमता. ती कृतीशी जोडलेली असते: निर्णय घ्यायची धमक, खरं बोलायची धमक. धावून धावून धमक वाढत नाही.

‘नाद’ म्हणजे वेड, छंद. ‘नादखुळा’ हा मूळचा कोल्हापूरकडचा मानला जाणारा शब्द आता सगळीकडे पोचला आहे. नाद असलेल्या माणसात दम असेलच असं नाही, हे पहाटे तालमीत एक दिवस जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ‘नाद करायचा नाय’ यातला नाद मात्र वेडाचा नव्हे. वाटेला जाऊ नको, असा तो इशारा.

‘जोम’ हा जरा पुस्तकी झाला होता. ‘अमके जोमात, तमके कोमात’ या विनोदाने तो पुन्हा तोंडी आणला.

‘दम दिला’ आणि कायदा

आता जिथे हा शब्द महागात पडतो तिथे. अंगातल्या दमाचं कौतुक आणि दुसऱ्याला दिलेला दम, यातलं अंतर रीलमध्ये पुसट होतं. वाढदिवसाला तलवारीने केक कापणं, गाडीच्या बोनेटवर बसून ‘दम असेल तर’ म्हणणं, वर दणकेबाज गाणं. टाकणाऱ्याला यात आपली ताकद दिसते. ज्याच्याशी जुना वाद आहे त्याला धमकी दिसते. पोलिसांना दोन्ही दिसतं. हत्यारं नाचवणारे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असतात.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धाकदपटशाचं कलम ३५१ आहे. आधी हेच भारतीय दंड संहितेच्या ५०३ आणि ५०६ कलमांत होतं. एखाद्याच्या शरीराला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी, त्याला भीती घालण्याच्या किंवा त्याच्याकडून काही करवून घेण्याच्या हेतूने दिली तर तो गुन्हा ठरतो. नव्या संहितेत ही धमकी ‘कोणत्याही मार्गाने’ दिलेली चालते, म्हणजे फोनवरचा मेसेज आणि टाकलेला व्हिडिओही त्यात येऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. धमकी जिवाची किंवा गंभीर इजेची असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून, खोट्या खात्यावरून दिली तर वर आणखी दोन वर्षांपर्यंत.

याचा अर्थ गल्लीतल्या प्रत्येक ‘दमात घेतला’वर गुन्हा दाखल होतो असा नाही. हेतू आणि धमकीचं स्वरूप बघितलं जातं. फिर्यादीत ‘दम दिला’ एवढंच लिहून भागत नाही. नेमके कोणते शब्द, कशाची धमकी, कोणासमोर हे सांगावं लागतं, कारण दम शब्दाचे किती अर्थ निघतात ते वर आलंच आहे. कुणी असा मेसेज पाठवला असेल तर तो रागाच्या भरात डिलीट न करता जपून ठेवणं आणि पोलिसांकडे जाणं शहाणपणाचं. उलट उत्तर म्हणून आपणही दम भरला की दोन्ही बाजूंचे मेसेज टेबलावर येतात.

इंग्रजीत काय म्हणायचं?

‘दम’ला इंग्रजीत एकच शब्द सापडत नाही. ताकद आणि उत्साह या अर्थाने तिथे अनौपचारिक बोलण्यात ‘पेप’ आणि ‘विम’ असे छोटे शब्द आहेत. पेप हा पेपरचा, म्हणजे मिरीचा, तुकडा. त्यांच्याकडे उत्साह तिखटातून आला, आपल्याकडे श्वासातून. सामन्याआधी प्रशिक्षक जे बोलतात ते ‘पेप टॉक’. तालमीत वस्ताद तेच करतात, फक्त त्यात थोडा दम देणंही असतं.

विमचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ बळ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बोलीत तो रूढ झाला. मराठी घरांत हा शब्द सगळ्यांना पाठ आहे, पण भांडी घासायच्या वडीचं नाव म्हणून. लिव्हर कंपनीने १९०४ साली इंग्लंडमध्ये घासायची पावडर याच नावाने आणली होती. ‘विम’ म्हणजे दम हे मोरीत भांडी घासणाऱ्या बाईला कुणी सांगितलं, तर तिच्या मनगटात दोन्ही असतात एवढंच ती म्हणेल.

दमदार या अर्थाने इंग्रजीत लिहायचं असेल तर संदर्भ बघून शब्द निवडावा लागतो. पहिलवानाच्या दमसासासाठी ‘स्टॅमिना’ चालतो. मुद्द्यातल्या दमासाठी वजन या अर्थाचा शब्द घ्यावा लागतो. ‘दम धर’साठी तर ताकदीशी संबंध नसलेलं ‘वेट’ एवढंच पुरतं. यंत्राकडून भाषांतर करून घेताना नेमकी इथेच फसगत होते. ‘दमानं जा’चं ‘जोरात जा’ झालं, तर घाटात ते परवडणारं नाही.

एक शब्द मात्र या कुटुंबातला नाही, जरी तो तसा दिसतो. ‘दमडी’. ती ‘द्रम्म’ या जुन्या नाण्याच्या नावावरून आली आणि द्रम्म ग्रीकांच्या ‘द्राख्मा’वरून. ‘चमडी गेली तरी चालेल पण दमडी जाऊ नये’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्या अंगात दम असतो की नाही, हा प्रश्न वेगळा.